वर्थमच्या टिपणवह्या आणि बॅटवुमन

ऑक्टोबर २०२१मध्ये 'सुपरमॅन बायसेक्शुअल' अशी बातमी आली, तेव्हा आमच्या ऑफिसच्या चॅट ग्रुपवर तासभर तरी काम झालं नसावं. निम्म्यांचं म्हणणं, घ्या, आता सुपरमॅनलाही सोडलं नाही. उरलेल्यांचं म्हणणं, चांगलं झालं, काळ बदलतोय. हा सुपरमॅन म्हणजे क्लार्क केंट नव्हे, त्याचा मुलगा जॉन केंट, अशी माहिती मी टाकली; ती कुणी वाचली नाही. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. सुपरहिरोंच्या जगात समलैंगिकता हल्ली बाहेरून आणली जाते आहे, असं दोघंही धरून चालले होते. एकांना ते आवडत होतं, दुसऱ्यांना नव्हतं, इतकाच फरक.

अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सचा इतिहास वाचला तर हे गृहीतक टिकत नाही. समलैंगिक पात्रं उशिरा आली, हे खरं. पण समलैंगिक वाचक फार आधीपासून होते, आणि ते होते याची नोंद कागदोपत्री आहे. ती नोंद करणारा माणूस त्यांच्या बाजूचा नव्हता, एवढीच अडचण. मी स्वतः गे आहे, तेव्हा हा इतिहास मी तटस्थपणे वाचलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नोंद करणाऱ्या माणसाचं नाव फ्रेडरिक वर्थम. जर्मनीत जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेला मनोविकारतज्ज्ञ. कॉमिक्सप्रेमी मंडळींमध्ये त्याचं नाव आपल्याकडे पहलाज निहलानींचं घेतात त्या सुरात घेतलं जातं. पण हा माणूस तेवढा सोपा नाही. १९४६मध्ये त्याने हार्लेममध्ये एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू केलं. गोरे डॉक्टर काळ्या रुग्णांना दारात उभं करत नव्हते त्या काळात तिथे पाव डॉलरमध्ये, परवडत नसेल तर फुकट, मानसोपचार मिळत. वेगळ्या शाळांमुळे काळ्या मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याबद्दल त्याने डेलावेअरच्या न्यायालयात साक्ष दिली. तो खटला पुढे 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन'मध्ये सामील झाला आणि अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरला. म्हणजे मुलांच्या भल्याची कळकळ खरी होती. तिच्यामुळे पुढे जे झालं तेही तितकंच खरं.

१९५४मध्ये त्याचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक आलं. बालगुन्हेगारीचं मोठं कारण म्हणजे कॉमिक्स, हा त्याचा मुख्य मुद्दा. खून, दरोडे, भयकथा यांवर बहुतेक पानं खर्ची पडली आहेत. पण लोकांच्या लक्षात राहिली ती बॅटमॅन आणि रॉबिनवरची. ब्रूस वेन आणि डिक ग्रेसन हे एका प्रशस्त घरात एकत्र राहतात, घरात बटलर आहे, फुलदाण्यांमध्ये फुलं आहेत, ब्रूस कधीकधी ड्रेसिंग गाऊनमध्ये दिसतो. यावरून वर्थमने निष्कर्ष काढला की हे दोन समलैंगिकांचं स्वप्नातलं घर आहे. वंडर वुमनला त्याने लेस्बियन ठरवलं. (तिचा जनक विल्यम मार्स्टन प्रत्यक्षात पत्नी एलिझाबेथ आणि ऑलिव्ह बर्न अशा दोन स्त्रियांबरोबर एकाच घरात राहत होता, हे तेव्हा बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. वर्थमला कळतं तर त्याने एक प्रकरण वाढवलं असतं.)

फुलदाणीवरून समलैंगिकता सिद्ध करणाऱ्या या भागाची आजवर भरपूर टिंगल झाली आहे, आणि ती करायला मजा येते. पण टिंगलीच्या नादात एक गोष्ट निसटते. वर्थमने हे हवेतून काढलं नव्हतं. समलैंगिक कृत्यांमुळे कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या तरुणांसाठी न्यूयॉर्कमध्ये क्वेकर मंडळींच्या पुढाकाराने एक केंद्र चालत होतं, आणि वर्थम तिथेही काम करत होता. तिथल्या तरुणांना तो विचारायचा, तुम्ही काय वाचता? आणि त्यांतल्या काहींनी त्याला सांगितलं की ते बॅटमॅन वाचतात, आणि वाचताना रॉबिनच्या जागी स्वतःला बघतात.

मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो. आजूबाजूला आपल्यासारखं कुणी दिसत नाही, तेव्हा वाचायला मिळेल त्यात माणूस स्वतःसाठी जागा करून घेतो. मी इचलकरंजीत अकरावीत असताना एक्स-मेनचे सिनेमे बघून हेच करत होतो. १९४०च्या दशकातला न्यूयॉर्कचा कुणी पोरगा दहा सेंटच्या अंकात तेच करत होता. फरक एवढाच की त्याने ते ज्या माणसाला सांगितलं, त्याने ते रोगाचं लक्षण म्हणून लिहून घेतलं.

पुढची गोष्ट कळायला २०१० उजाडावं लागलं. वर्थमची कागदपत्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये होती, पण ती अभ्यासकांना त्या वर्षी खुली झाली. कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने मूळ टिपणं आणि छापील पुस्तक शेजारी ठेवून वाचलं. २०१२मध्ये तिने जे प्रसिद्ध केलं त्याने वर्थमच्या उरल्यासुरल्या शास्त्रीय प्रतिष्ठेचा निकाल लागला. त्याने मुलांची वाक्यं बदलली होती, अनेकांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलं होतं, गैरसोयीचे तपशील गाळले होते. बॅटमॅनच्या बाबतीत तर कहर होता. पुस्तकात बॅटमॅनबद्दल बोलणारा जो एक तरुण आहे, तो टिपणांमध्ये एक नाही. ते दोघं आहेत, आणि ते एकमेकांबरोबर काही वर्षं नात्यात होते. वर्थमने दोघांचा मिळून एक माणूस केला. शिवाय त्या दोघांना बॅटमॅनपेक्षा टारझन आणि सब-मरीनर जास्त आवडायचे. तेही पुस्तकात नाही.

माझ्यासाठी या इतिहासाची सुरुवात इथे आहे. सुरुवातीच्या नोंदींमध्ये एक जोडपं आहे, आणि नोंद करणाऱ्याने जोडपंच पुसून टाकलं.

पुस्तक आलं त्याच महिन्यात, एप्रिल १९५४मध्ये, सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सवर सुनावणी घेतली. ती टीव्हीवरही दाखवली. वर्थमची साक्ष झाली. भयकथा छापणाऱ्या ईसी कॉमिक्सचा मालक विल्यम गेन्स स्वतःहून साक्षीला गेला आणि एका बाईचं तुटलेलं मुंडकं असलेलं मुखपृष्ठ अभिरुचीला धरून कसं आहे हे समजावत बसला. व्हायचं तेच झालं. सरकार कायदा करेल या धास्तीने प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःच 'कॉमिक्स कोड' तयार केला. प्रत्येक अंक छापण्याआधी तपासायचा, पास झाला तर मुखपृष्ठावर शिक्का.

कोड म्हणजे कायदा नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं. शिक्का नसलेला अंक छापायला कुणाची बंदी नव्हती; फक्त वितरक तो उचलत नसत. माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, तुमचं ॲप सरकारने बंद केलेलं नाही, पण ॲप स्टोअरने काढून टाकलं आहे. दाद कुठे मागणार? कोडमध्ये लैंगिक विकृतीचं चित्रण किंवा तिचा नुसता सूचक उल्लेखही निषिद्ध होता. विकृती म्हणजे काय हे स्पष्ट करायची १९५४मध्ये कुणाला गरज वाटली नाही.

डीसी कॉमिक्सने यावर जो इलाज केला तो मला अजूनही विनोदी वाटतो. १९५६मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २३३व्या अंकात बॅटवुमन आली. कॅथी केन, श्रीमंत वारसदार, पूर्वी सर्कशीत काम केलेली. बॅटमॅनच्या पट्ट्यात हत्यारं असतात, तर हिच्या पर्समध्ये. पावडरचा डबा, लिपस्टिक, बांगड्या अशा रूपातली. तिचं मुख्य काम बॅटमॅनवर प्रेम करणं. पाच वर्षांनी तिची भाची बॅट-गर्ल म्हणून आली, रॉबिनवर प्रेम करायला. स्थळ आलं आहे, मुलगी बघून घ्या आणि लोकांची तोंडं बंद करा, हा आपल्या घराघरांतला उपाय डीसीने वेताच्या खुर्चीऐवजी गच्चीवरच्या पाठलागात बसवला. १९६४मध्ये नव्या संपादकाने दोघींना घरी पाठवलं. पण त्याच सुमारास बटलर आल्फ्रेडला मारून त्याच्या जागी डिकची हॅरिएट आत्या आणली. तीन पुरुष एका घरात बरे दिसत नाहीत, म्हणून आत्या, असं म्हणतात. टीव्ही मालिकेला आल्फ्रेड हवा होता म्हणून तो दोन वर्षांनी जिवंत झाला. कॅथी केनला १९७९मध्ये मारून टाकलं.

कोडच्या काळात लिहिणारे लेखक आणि वाचणारे वाचक यांच्यात एक खुणांची भाषा तयार होत गेली. आमच्या पिढीला ती एक्स-मेनमुळे माहीत आहे. जन्मतःच वेगळे, किशोरवयात वेगळेपण उमटणारे, आईबापांपासून ते लपवणारे म्युटंट. ख्रिस क्लेरमाँटने १९७५पासून सोळा वर्षं ही मालिका लिहिली. त्यातल्या मिस्टीक आणि डेस्टिनी या दोन स्त्रिया एकत्र राहतात, एका मुलीला वाढवतात, आणि डेस्टिनी मेल्यावर मिस्टीक कोसळते. त्या एकमेकींच्या कोण, हे मात्र कधी सांगितलं जात नाही. १९९०मध्ये क्लेरमाँटने एका पात्राच्या तोंडी डेस्टिनीसाठी 'लेमन' हा मध्ययुगीन इंग्रजी शब्द घातला. अर्थ, प्रियकर किंवा प्रेयसी. जे शब्दकोश उघडतील त्यांना कळावं, बाकीच्यांनी पुढे जावं. नाइटक्रॉलर हा या दोघींचाच मुलगा, रूप बदलू शकणारी मिस्टीक त्याचा बाप, असं त्याच्या मनात होतं. ते छापायची मुभा मिळाली नाही. २०२३मध्ये, चार दशकांनी, दुसऱ्या लेखकाने ते छापलं.

म्युटंट म्हणजे समलैंगिक हे रूपक आता इतकं रुळलंय की त्याबद्दल तक्रार करणं कृतघ्नपणाचं वाटेल. तरी करतो. म्युटंट डोळ्यांतून किरण सोडून इमारत पाडू शकतो. त्याला घाबरणाऱ्या शेजाऱ्याकडे थोडंफार कारण असतं. माझ्या शेजाऱ्याकडे काय कारण आहे? रूपकाचा दुसरा तोटा म्हणजे ते प्रकाशकाला फार सोयीचं पडतं. ज्यांना हवं त्यांनी अर्थ घ्यावा, आणि उद्या कुणी जाब विचारलाच तर आम्ही फक्त म्युटंटबद्दल बोलत होतो.

काही वेळा खुणा लेखकाने ठेवलेल्याच नसत, वाचकच त्या शोधत. 'लीजन ऑफ सुपर-हीरोज' या मालिकेत एलिमेंट लॅड नावाचा गुलाबी पोशाखातला पोरगा होता. त्याला मैत्रीण नव्हती. १९७०च्या दशकातल्या वाचकांनी ठरवून टाकलं की हा आपल्यातला. मग त्याला श्वॉन नावाची पोलीस अधिकारी मैत्रीण मिळाली. पुन्हा स्थळाचाच उपाय. पुढे लीजनच्या चाहत्यांच्या नियतकालिकांतून लिहिणारं बिअरबॉम दांपत्य प्रत्यक्ष मालिकेचं लेखक झालं. १९९२मध्ये त्यांनी दाखवलं की श्वॉन ही मुळात शॉन नावाचा पुरुष आहे, एलिमेंट लॅडच्या प्रेमापोटी औषधं घेऊन स्त्री झालेला. औषध मिळेनासं होतं, सत्य बाहेर येतं, आणि एलिमेंट लॅड सांगतो की त्याला तेव्हाही फरक पडत नव्हता. ट्रान्स वाचकांनी या कथेवर नाराज व्हावं यात नवल नाही. लिंगबदल हा इथे केवळ एका पुरुषाला मिळवण्याचा मार्ग आहे आणि शेवटी तो उलटवला जातो. तरीही वीस वर्षांपूर्वीचा वाचकांचा अंदाज वाचकांमधूनच आलेल्या लेखकांनी खरा करावा, हे मला विलक्षण वाटतं.

मार्व्हलमध्ये परिस्थिती जास्त कोंदट होती. १९८०मध्ये 'द हल्क!' या मासिकात मुख्य संपादक जिम शूटरने स्वतः लिहिलेली कथा आली. हे मासिक कोडच्या कक्षेबाहेर, म्हणजे तिथे मोकळीक होती. त्या मोकळिकीचा उपयोग काय केला, तर ब्रूस बॅनरवर वसतिगृहाच्या न्हाणीघरात बलात्काराचा प्रयत्न करणारे दोन समलैंगिक पुरुष दाखवले. कॅनडाच्या 'अल्फा फ्लाइट' या चमूतला नॉर्थस्टार गे आहे असं त्याचा सहनिर्माता जॉन बर्नने ठरवलं होतं, पण मार्व्हलच्या अंकात ते उच्चारायची सोय नव्हती. म्हणून खुणा. पुढचा लेखक बिल मँटलो याने नॉर्थस्टारला खोकताना, खंगताना दाखवायला सुरुवात केली. साल १९८७. वाचकांना कळत होतं की हा एड्सकडे निघाला आहे. बातमी फुटली आणि कथा वळवली गेली. पन्नासाव्या अंकात निदान झालं: नॉर्थस्टार आजारी आहे कारण तो परीकुळातला आहे, आणि त्याला आपल्या लोकात परत जायला हवं.

परीला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच समलैंगिक पुरुषाला हिणवायला वापरतात. हे कुणाच्या लक्षात आलं नसेल यावर माझा विश्वास नाही.

त्या काळात डीसीकडे एक उघड उदाहरण होतं, पण असून नसल्यासारखं. १९८८च्या 'न्यू गार्डियन्स'मधला एक्स्ट्रान्यो, पेरू देशाचा जादूगार, भडक कपडे, नाटकी हातवारे, स्वतःला सगळ्यांची मावशी म्हणवणारा. पहिल्याच अंकांत त्याच्याशी लढायला हीमोगॉब्लिन नावाचा एचआयव्हीबाधित रक्तपिपासू आणला. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असावा.

कोडमध्ये १९८९मध्ये बदल झाला आणि समलैंगिक पात्रं नेहमीच्या साच्याबाहेर, माणसासारखी दाखवायला हरकत उरली नाही. तीन वर्षांनी, 'अल्फा फ्लाइट'च्या १०६व्या अंकात नॉर्थस्टारने जाहीर केलं की तो गे आहे. न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर अग्रलेख लिहिला, अंक हातोहात संपला. आज तो वाचताना चित्रांचं आणि संवादांचं हसू येतं. हाणामारी चालू असताना एक गडी ओरडून आपली लैंगिकता सांगतो. पण त्या गदारोळात एक धागा आहे ज्यावर फारसं कुणी बोलत नाही. नॉर्थस्टारला कचऱ्यात टाकलेली एचआयव्हीबाधित तान्ही मुलगी सापडते. तो तिला सांभाळतो, सगळा देश तिच्यासाठी हळहळतो. तेवढ्यात मेजर मेपललीफ नावाचा महायुद्धाच्या काळातला निवृत्त हिरो चवताळून येतो. त्याचा मुलगा गे होता आणि एड्सने गेला. त्याच्यासाठी कुणी रडलं नाही. ही निष्पाप, म्हणून हिच्यासाठी अश्रू, आणि माझ्या मुलाने ओढवून घेतलं, म्हणून त्याच्यासाठी नाही? म्हातारा त्या मुलीला मारायलाच निघालेला असतो, म्हणजे कथेपुरता तो खलनायक. पण प्रश्न त्याचाच खरा आहे. नॉर्थस्टारची घोषणा त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे, आणि आजवर मला तरी त्याहून प्रामाणिक 'कमिंग आउट' सुपरहिरो कॉमिक्समध्ये सापडलेलं नाही.

मग? १९९४मध्ये नॉर्थस्टारची स्वतंत्र छोटी मालिका आली. त्यात तो गे असल्याचा उल्लेखही नाही. आमच्याकडे याला रोलबॅक म्हणतात.

याच वर्षांमध्ये डीसीच्या ऑफिसात जे घडलं ते पात्रांपेक्षा महत्त्वाचं आहे. नील पोझनर हा तिथला कला विभागातला वरिष्ठ, आणि १९८६च्या ॲक्वामॅन मालिकेचा लेखक. तो १९९४मध्ये एड्सने गेला. चित्रकार फिल हिमेनेझ त्याचा जोडीदार. त्याने ॲक्वामॅनच्याच जगातली 'टेम्पेस्ट' ही चार अंकी मालिका लिहिली, रेखाटली, आणि शेवटच्या अंकात वाचकांना पत्र लिहून ती पोझनरला अर्पण केली. आपण कोण आणि पोझनर आपला कोण होता, हे त्याने नावानिशी सांगितलं. वाचकांची भरपूर पत्रं आली. अर्धशतकापूर्वी दोन तरुणांनी डॉक्टरला जे सांगितलं, ते आता कॉमिक्सच्या शेवटच्या पानावर, मधे कुणी टिपून घेणारा नसताना छापलं जात होतं.

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. जड विनिकने एड्सने गेलेल्या मित्राच्या, पेद्रो झामोराच्या, आठवणी चितारल्या आणि मग 'ग्रीन लँटर्न'मध्ये टेरी बर्ग या गे मुलावरचा जीवघेणा हल्ला दाखवला. 'द ऑथॉरिटी'मधल्या अपोलो आणि मिडनाइटर या, सरळसरळ सुपरमॅन-बॅटमॅनच्या प्रतिकृती असलेल्या, जोडीचं २००२मध्ये लग्न झालं. २००१मध्ये मार्व्हलने कोड सोडला. डीसी आणि आर्चीने २०११च्या जानेवारीत सोडला, आणि शिक्का संपला.

२००६मध्ये डीसीने बॅटवुमन परत आणली. कॅथीची केट झाली, आणि ही केट केन लेस्बियन. बॅटमॅन 'तसा' नाही हे पटवायला ज्या पात्राचा जन्म झाला, तेच पात्र डीसीची सर्वांत ठळक समलैंगिक नायिका झालं. कुणी मुद्दाम काव्यगत न्याय केला की केवळ जुनं नाव पडून होतं म्हणून वापरलं, याने मला फरक पडत नाही. जुना कोड आम्ही सहसा काढत नाही. काय कशावर अवलंबून असेल सांगता येत नाही. त्यावरच नवं बांधतो.

ग्रेग रुका आणि जे. एच. विल्यम्स यांनी २००९मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये तिची कथा सांगितली. केट वेस्ट पॉइंटची छात्र. तिथे तिचं एका मुलीशी नातं असल्याची तक्रार होते. तेव्हा अमेरिकन सैन्यात 'विचारायचं नाही, सांगायचं नाही' हे धोरण होतं. वरिष्ठ तिला वाट काढून देतो: नाही म्हण, प्रकरण मिटेल. ती नाही म्हणत नाही. गणवेश उतरवते, कर्नल असलेल्या बापाला जाऊन सांगते, आणि बाप तिच्या पाठीशी उभा राहतो. ती खोटं बोलली नाही, हे त्याच्या लेखी सैनिकाला साजेसं वागणं. हे छापलं गेलं तेव्हा ते धोरण लागू होतं, ते संपायला २०११चा सप्टेंबर उजाडला. बापलेकीचा तो प्रसंग मी किती वेळा वाचलाय ते सांगत नाही.

२०१३च्या फेब्रुवारीत केटने मॅगी सॉयरला लग्नाची मागणी घातली. आदल्याच वर्षी मार्व्हलने नॉर्थस्टारचं लग्न लावलं होतं, न्यूयॉर्क राज्यात समलिंगी विवाह कायदेशीर झाल्यानंतर, सेंट्रल पार्कमध्ये, मुखपृष्ठावर गाजावाजा करून. केटचं लग्न मात्र झालं नाही. सप्टेंबरमध्ये विल्यम्स आणि सहलेखक ब्लॅकमन यांनी मालिका सोडली. लग्न दाखवायला डीसीने मनाई केली, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक. डीसीचा खुलासा असा की हिरोंनी वैयक्तिक आयुष्यात सुखी नसावं, हे सगळ्यांनाच लागू आहे. आणि ते खोटंही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सुपरमॅन आणि लोइसचं लग्नही रद्दबातल ठरवलं होतं. पण सुपरमॅनने पंधरा वर्षं संसार केल्यावर नियम आला; केटच्या वाट्याला नियम आधी आला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केलं. दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मी सोळा वर्षांचा होतो, आणि माझ्या डोक्यात त्या एकत्रच राहिल्या आहेत.

या सगळ्याला स्वीकार म्हणायचं का? पात्रं कंपनीच्या मालकीची असतात. लेखकाने दिलेलं नातं पुढचा लेखक काढू शकतो, विक्री घसरली तर संपादक काढू शकतो. जॉन केंटची ज्या बातमीवर आमचा ग्रुप पेटला होता, ती मालिका अठरा अंकांत, २०२२च्या अखेरीस संपली. कंपनीने ठेवलं तर राहणार, असल्या स्वीकारावर मी फार भिस्त ठेवत नाही. वाचकांवर ठेवतो.

सप्टेंबर २०१९मध्ये रिओ द जानेरोच्या महापौराला पुस्तक मेळ्यात मार्व्हलच्या एका जुन्या कथेचा पोर्तुगीज अनुवाद सापडला. त्यात विकन आणि हल्कलिंग ही दोन तरुण मुलं चुंबन घेतात, अंगभर कपड्यांत. लहान मुलांचं रक्षण व्हावं म्हणून पुस्तक हटवा, असा त्याचा आदेश. वर्थमच्या पासष्ट वर्षांनंतर शब्दही फारसे बदलले नव्हते. निरीक्षक पोचले तोवर प्रती संपल्या होत्या. 'फोल्या दे साओ पाउलो' या मोठ्या दैनिकाने ते चित्र पहिल्या पानावर छापलं. फेलिपे नेटो या यूट्यूबरने समलैंगिक विषयांवरची चौदा हजार पुस्तकं विकत घेऊन मेळ्यात फुकट वाटली. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि महापौराचा डाव फसला. मूळ कथा लिहिणारा ॲलन हाइनबर्ग स्वतः गे, लहानपणापासून कॉमिक्स वाचत आलेला.

आणि रॉबिन? सुपरमॅनच्या गोंगाटात त्याची बातमी थोडी मागे पडली. ऑगस्ट २०२१मध्ये 'बॅटमॅन: अर्बन लेजंड्स'च्या सहाव्या अंकात तिसरा रॉबिन, टिम ड्रेक, याला त्याचा शाळेतला मित्र बर्नार्ड विचारतो की आपण डेटवर जायचं का. टिम हो म्हणतो. बस, एवढंच. फुलदाणी नाही, ड्रेसिंग गाऊन नाही, आणि बॅटमॅनचा तर यात काहीच संबंध नाही. वर्थमने बॅटमॅन आणि रॉबिनकडे जोडपं म्हणून बघितलं. प्रत्यक्षात रॉबिनला स्वतःच्या वयाचं कुणीतरी भेटलं.

टिपणवह्यांमधल्या त्या दोघांना याचं कितपत अप्रूप वाटलं असतं, शंकाच आहे. त्यांना मुळात सब-मरीनर आवडायचा: समुद्रातला राजपुत्र नेमोर, टोकदार कान, घोट्यांना पंख, सदैव चिडलेला, आणि १९३९पासून फक्त एका चड्डीवर वावरणारा. २०२२च्या 'ब्लॅक पँथर'च्या दुसऱ्या भागात तो मोठ्या पडद्यावर आला. निर्मात्यांनी त्याची पार्श्वभूमी, वंश, नगरी सगळं बदललं. हिरवी चड्डी तेवढी तशीच ठेवली.